‘माती गावाला कधी न्यायची?’ : कोपरखैरण्यातल्या एका अवयवदानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातले आहे. रुग्ण, कुटुंब आणि रुग्णालय यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कोणी कधी काय ठरवले, तो क्रम मात्र जसाच्या तसा आहे. मी वैद्यकीय समाजसेविका आहे. अवयवदान समन्वयकांच्या प्रशिक्षणात हे प्रकरण मी आवर्जून घेते, कारण अवयवदानाचा प्रचार आणि प्रत्यक्ष अवयवदान यांच्यात किती अंतर असते, ते यात स्पष्ट दिसते.

रुग्ण चाळिशी ओलांडलेले, वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. राहायला कोपरखैरण्याला, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात. घरी पत्नी, कॉलेजला जाणारा मुलगा आणि दहावीतली मुलगी. गावी म्हातारी आई आणि शेती बघणारे थोरले भाऊ. मंगळवारी पहाटे मार्केटला निघालेले असताना ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पोची धडक बसली. डोक्यात हेल्मेट होते, पण पट्टा लावलेला नव्हता, त्यामुळे ते निघून लांब पडले. मेंदूतली रक्ताची गाठ काढायला तासाभरात शस्त्रक्रिया झाली. बुधवार तसाच गेला. गुरुवारी सकाळी दोन्ही बाहुल्या उजेडाला दाद देईनात, आणि नळीतून कफ ओढताना येणारा खोकलाही थांबला.

त्या रुग्णालयात प्रत्यारोपण होत नाही. पण आयसीयू आणि शस्त्रक्रियागृह असल्याने अवयव काढण्याचे केंद्र म्हणून त्याची नोंदणी होती. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ही सोय आली. मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबलेले पण यंत्राच्या आधाराने श्वास आणि हृदय चालू असलेले, फक्त मोठ्या प्रत्यारोपण रुग्णालयांत होत नाहीत. अपघाताचा रुग्ण जवळ जे रुग्णालय असेल तिथे जातो, म्हणून ही तरतूद मोलाची आहे. त्याच दुरुस्तीने आणखी एक जबाबदारी घातली: आयसीयूतल्या अशा रुग्णाच्या नातेवाइकांना अवयवदानाचा पर्याय आहे, हे डॉक्टरांनी समन्वयकाच्या सल्ल्याने सांगितलेच पाहिजे.

सरकारच्या बाजूने बाकीही बरेच उभे आहे. २०१४ चे नियम आहेत, अवयववाटपासाठी मुंबईचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, केईएम रुग्णालयात प्रादेशिक आणि राज्य पातळीवरची संस्था आहे. २०२३ पासून ३ ऑगस्ट हा अवयवदान दिवस पाळला जातो. १९९४ साली त्याच दिवशी दिल्लीत देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण झाले होते. मृत्यूनंतर अवयव देण्याची आधारशी जोडलेली ऑनलाइन प्रतिज्ञाही २०२३ मध्ये सुरू झाली. तरीही त्या वर्षी देशभरात मृत्यूनंतर अवयव दिलेले दाते होते १,०९९. हा आकडा पहिल्यांदाच हजारापुढे गेला म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. पण १४० कोटींच्या देशात हे प्रमाण दहा लाखांमागे एकही नाही.

या माथाडी बांधवाने स्वतः प्रतिज्ञा केलेली होती. आदल्या वर्षी गणपतीत मंडळाच्या मांडवात आरोग्य शिबिराचे टेबल लागले होते, तिथे त्याने अर्ज भरला होता. घरात कोणालाच हे माहीत नव्हते.

अडचण

गुरुवारी दुपारी, मेंदूमृत्यूची पहिली तपासणीसुद्धा व्हायच्या आत, रुग्णालयातल्या एका कर्मचाऱ्याने बाहेर उभ्या असलेल्या मुकादमाला विचारले, ‘घरचे किडनीबिडनी द्यायला तयार होतील का?’ हेतू वाईट नव्हता. पण पाच मिनिटांत ते सगळ्या टोळीला कळले. आवारात पंचवीस-तीस माणसे होती. ‘अजून डॉक्टर बोलले नाहीत, आणि ह्यांचं आधीच ठरलंय,’ असे बोलणे सुरू झाले. मुलाच्या कानावर ते गेले तसा तो आयसीयूच्या दारातच बसला. कोणालाही आत जाऊ देईना.

दुसरी अडचण कुटुंबाच्या रचनेतली. कायद्याने पत्नीची संमती पुरते. पण मुले, आईवडील, बहीणभाऊ, आजीआजोबा, नातवंडे हेही जवळचे नातेवाईक धरले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचा विरोध असल्याचे दिसले तर अवयव काढता येत नाहीत. इथे पत्नी सगळे थोरल्या दिरांवर सोडून बसली होती. दीर गावाहून निघायचे होते. आणि गावी आईला फक्त ‘अपघात झालाय’ एवढेच सांगितले होते.

तिसरी अडचण पोलिसांच्या कागदाची. अपघात म्हणजे पोलीस केस, म्हणजे शवविच्छेदन आलेच. अपघाताची जागा एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत आणि रुग्णालय दुसऱ्या.

समोरचे पर्याय

समन्वयक ताई, अतिदक्षता विभागाचे डॉक्टर आणि वैद्यकीय अधीक्षक गुरुवारी तीनच्या सुमारास बसले. एक पर्याय विषय सोडून देण्याचा होता. वातावरण तापलेले, उद्या वर्तमानपत्रात काही आले तर काय, ही भीती खरी होती. अनेक लहान रुग्णालये इथेच थांबतात, आणि त्यांना दोष देणेही अवघड आहे. पण सोडून देण्यातही गुंता आहे. कुटुंबाने नकार दिला तर व्हेंटिलेटर बंद करायचा का, याबद्दल कायदा डॉक्टरांना स्वच्छ उत्तर देत नाही. मेंदूमृत्यूची व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा मृत्यूची व्याख्या वेगळी करतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी नकारानंतर हृदय बंद पडेपर्यंत यंत्र चालू राहते, आणि घरचे बाहेर बाकड्यावर आशा धरून असतात.

पत्नीशी लगेच बोलून सही घेणे, हा दुसरा पर्याय. कायद्यात बसला असता. पण दीर रात्री आल्यावर त्यांनी ‘मला न विचारता?’ म्हटले असते तर ती बाई आयुष्यभर घरात आणि गावात बोल खात राहिली असती. समन्वयक ताईंनी हा पर्याय एका वाक्यात बाजूला सारला, आणि तो या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय होता असे मला वाटते.

उरला तिसरा: तपासण्या नियमाप्रमाणे सुरू करायच्या, दिरांची वाट बघायची, आणि मृत्यू झाल्याचे सांगून होईपर्यंत अवयवदानाचा शब्दही काढायचा नाही. यात धोका शरीराचा. मेंदू गेल्यावर रक्तदाब घसरतो, लघवीवाटे पाणी भसाभस जाते, अंग गार पडत जाते. वाट पाहताना हृदय थांबले तर विषयच संपतो. डॉक्टरांनी तो धोका पत्करला.

प्रतिज्ञेच्या कागदाचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा पुढे नव्हता, कारण कागद अजून सापडलाच नव्हता.

काय केले

आधी संशयाचा बंदोबस्त केला. मुलाला विचारले, ‘तुमचे नेहमीचे डॉक्टर कोण?’ सेक्टरमधल्या दवाखान्याचे डॉक्टर होते. त्यांना फोन करून बोलावले, सीटी स्कॅन आणि सगळी फाइल त्यांच्यापुढे ठेवली. ते बाहेर येऊन मुलाशी आणि मुकादमाशी अर्धा तास बोलले. काय बोलले, ते रुग्णालयाने विचारले नाही. मुलगा दारातून उठला.

चार वाजता पहिली तपासणी झाली. त्याआधी झोपेची औषधे बंद करून त्यांचा अंमल उतरल्याची खात्री केली होती, अंगाचे तापमान आणि रक्तातले सोडियम जागेवर आणले होते. कायद्याने चार डॉक्टर लागतात आणि दोन तपासण्यांत किमान ६ तासांचे अंतर ठेवावे लागते. म्हणजे दुसरी दहा वाजता घेता आली असती. भावांची जीप तेव्हा खालापूर टोलनाक्याला होती, म्हणून ती अकराला ठेवली.

भाऊ आले ते थेट आयसीयूत. छाती वरखाली होताना दिसत होती, हाताला अंग गरम लागत होते. ते म्हणाले, ‘ह्यो तर श्वास घेतोय.’

डॉक्टरांनी वाद घातला नाही. ‘दादा, आता तपासणी आहे. तुम्ही उभे राहून बघा,’ म्हणाले. हे सगळीकडे करत नाहीत, आणि प्रत्येक नातेवाइकाला ते झेपतही नाही. भाऊ पायथ्याशी उभे राहिले. समन्वयक ताई त्यांच्या बाजूला. डोळ्यांत उजेड टाकला, बुबुळाला कापसाचा बोळा लावला, कानात बर्फाचे पाणी सोडले. कुठेच काही नाही. मग अप्निया टेस्ट, म्हणजे यंत्राशिवाय श्वास येतो का ते बघणे. आधी भरपूर ऑक्सिजन दिला, रक्त तपासायला पाठवले आणि व्हेंटिलेटर सोडवला. ऑक्सिजनची बारीक नळी आत ठेवली. अंगावरची चादर कमरेपर्यंत खाली घेतली, म्हणजे छाती आणि पोट दोन्ही दिसावे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढत गेला की मेंदूच्या देठात थोडी जरी धुगधुगी असेल तरी श्वास येतोच. आठ-दहा मिनिटे सगळे त्या छातीकडे बघत होते. पोट हलले नाही, गळ्याजवळची शीर तेवढी उडत होती. पुन्हा रक्त घेतले. कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर गेला होता. व्हेंटिलेटर परत जोडला, तशी छाती पुन्हा वरखाली व्हायला लागली.

भावांनी विचारले, ‘म्हंजे हे मशीनच करत हुतं?’ डॉक्टर ‘हो’ म्हणाले, आणि मृत्यू झाल्याचे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले. घड्याळात बघून वेळ लिहिली.

यानंतर कोणी काही बोलले नाही. बायको, मुलगा, भाऊ यांना एका खोलीत बसवले, पाणी दिले. तासाभराने भावांनीच तोंड उघडले. ‘माती गावाला कधी न्यायची?’

अवयवदानाची बोलणी इथून सुरू झाली, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. समन्वयक ताईंनी आधी त्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले: अपघाताची केस आहे, शवविच्छेदन चुकणार नाही, पंचनामा झाल्याशिवाय ताबा मिळणार नाही, उद्याचा दिवस जाईल. मग त्या म्हणाल्या, ‘या वेळात अजून एक गोष्ट तुमच्या हातात आहे. नको वाटली तर नको म्हणा, त्याने बाकी कशात फरक पडणार नाही.’ आणि विषय सांगितला.

मुलगा उठून बाहेर गेला आणि घरून एक प्लास्टिकची फाइल घेऊन आला. रेशनकार्डाच्या मागे प्रतिज्ञेचा अर्ज होता. दुपारी आधार कार्ड शोधताना त्याने तो पाहिला होता आणि घाबरून तसाच परत ठेवला होता. पत्नीचा पहिला उद्गार होता, ‘मला का नाही सांगितलं?’ बराच वेळ ती तेच म्हणत राहिली.

कायद्याच्या दृष्टीने तो अर्ज अपुराच होता. दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. इथे दोन्ही सह्या मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या होत्या. म्हणून संमती नव्याने नमुना ८ वर पत्नीकडूनच घ्यायची होती. पण त्या कागदाने घरातला प्रश्नच बदलला. ‘आपण द्यायचं का’ यावरून बोलणे ‘त्याला द्यायचं होतं’ यावर आले.

भावांचे प्रश्न मात्र रोखठोक होते. ‘गावाला आंघोळ घालताना काय दिसंल?’ ताईंनी स्वतःच्या अंगावर बोट फिरवून दाखवले: गळ्याच्या खालपासून पोटापर्यंत टाके, नीट शिवलेले, वर पट्टी. आणि सांगितले की शवविच्छेदनाने असे टाके नाहीतरी पडणारच आहेत; चेहऱ्यावर, हातापायांवर काही दिसणार नाही. ‘पैसं?’ देणारा काही घेत नाही, घेणारा अवयवाचे काही देत नाही, आणि संमतीनंतर शरीर जपण्याचा, अवयव काढण्याचा खर्च कुटुंबावर येत नाही. मुकादमाने मध्येच ‘मग आधीचं बिल तरी माफ करा’ म्हटले. ताईंनी तो विषय तिथेच थांबवला. आधीचे बिल महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून बघायचे होते, ते दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या माणसाने. दोन्ही गोष्टी एका बैठकीत आल्या असत्या तर उद्या गावात ‘बिलापायी भाऊ विकला’ म्हणायला माणसे तयारच होती.

राहिली आई. भावांनी रात्री एकला गावी फोन लावला, स्पीकरवर. मुलगा गेल्याचे तिला तेव्हा पहिल्यांदा कळले. रडणे ओसरल्यावर भावांनी हळूहळू सांगितले. पलीकडून आवाज आला, ‘द्या, त्येच्या मनात हुतं तर द्या. पण डोळं नगा काढू. मला त्येचं डोळं बघायचं हायत.’ समन्वयक ताईंनी अर्जावर यकृत, मूत्रपिंडे, हृदय, फुप्फुसे एवढीच नोंद घेतली. डोळ्यांपुढे रेघ मारली. पुन्हा विचारले नाही.

पहाटे दोनला सह्या झाल्या. आणि मग सगळे अडले.

पोलिसांची ना-हरकत मिळायला शुक्रवार सकाळचे अकरा वाजले. तपास अधिकारी रात्रपाळी संपवून घरी गेले होते, सकाळच्या साहेबांना हा प्रकार नवा होता, आणि रुग्णालयाचे पत्र आधी चुकीच्या ठाण्यात गेले होते. २०१४ च्या नियमांत या पत्राची वाट स्पष्ट घालून दिली आहे: रुग्णालयाने ठाणे अंमलदाराला विनंती करायची, त्याच वेळी प्रत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना द्यायची, आणि शक्य तर त्यांना अवयव काढताना हजर राहायला सांगायचे, कार्यालयीन वेळ संपलेली असली तरी. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्र सरकारने सोय असलेल्या ठिकाणी सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनालाही परवानगी दिली आहे, त्यात अवयवदानाला अग्रक्रम आहे. ठाण्यातल्या साहेबांना नियमाची प्रत दाखवली, तेव्हा त्यांनी अर्ध्या तासात कागद दिला. वाईट माणूस कोणीच नव्हता.

या नऊ तासांत रक्तदाबाची औषधे वाढवत न्यावी लागली. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचे आकुंचन कमी दिसले, फुप्फुसांत पाणी आले. दोन्हीचा विचार सोडावा लागला.

निष्पत्ती

दुपारी शस्त्रक्रिया झाली. यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडे विभागीय केंद्राच्या प्रतीक्षायादीप्रमाणे तीन रुग्णांना गेली. शवविच्छेदनाचे डॉक्टर शस्त्रक्रियागृहात आले होते, त्यामुळे पुढचे काम लवकर उरकले आणि रात्री नऊला गाडी गावाकडे निघाली. शनिवारी सकाळी अंत्यविधी झाला.

अवयव नेणाऱ्या रुग्णवाहिकेला वाशी खाडीपुलापर्यंत पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला. अशा ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या येतात, येऊ देत. त्यातून लोकांना विषय कळतो. पण रस्त्यावर वाचली ती मिनिटे होती. त्याआधी एका कागदापायी गेलेल्या नऊ तासांची बातमी कधी होत नाही, आणि हृदय गमावले ते त्या तासांत.

घेणाऱ्यांची नावे कुटुंबाला सांगितली नाहीत, नियमच तसा आहे. मुलगा पुढे काही महिने विचारायला येत होता. त्याला एवढेच सांगता आले की तिघेही घरी गेले.

आणखी एक त्रास मागाहून निघाला. मेंदूमृत्यूच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना १० वर, मृत्यूची वेळ गुरुवार रात्रीची होती. रुग्णालयाच्या दुसऱ्या एका कागदावर शुक्रवार दुपारची पडली. दोन तारखा बघून अपघात विम्याचे काम अडले. पत्नीला दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागले, शेवटी समन्वयक ताईंनी स्वतः बसून ते निस्तरले. तामिळनाडूने २०२३ मध्ये अवयवदात्यांना शासकीय मानवंदना देण्याचे ठरवले. मला तो निर्णय मनापासून आवडतो. पण या बाईंना मानवंदनेआधी एका तारखेचा दाखला हवा होता.

वेगळे काय करता आले असते

कर्मचाऱ्याच्या त्या एका प्रश्नाने जवळजवळ सगळे बुडवले होते. रुग्णालयाने त्यानंतर नियम केला: मृत्यू जाहीर होईपर्यंत हा विषय कोणी काढायचा नाही, आणि नंतर समन्वयकाशिवाय कोणी बोलायचे नाही. सुरक्षारक्षक आणि बिलिंगवाल्यांनाही तो शिकवला जातो.

पोलिसांकडचा अर्ज संमतीनंतरच करायचा असतो, हे खरे. पण अपघात कोणत्या हद्दीत, तपास कोणाकडे, रात्री ड्युटीवर कोण, हे पहिल्या तपासणीच्या वेळीच शोधून ठेवायला कायदा आडवा येत नाही. पत्राचा मसुदाही तयार ठेवता येतो. माझ्या मते सरकारच्या प्रचाराच्या पैशातला मोठा वाटा इथे वळायला हवा: प्रत्येक पोलीस ठाण्यात या नियमाची मराठी प्रत, आणि ठाणे अंमलदारांच्या प्रशिक्षणात त्यावर एक तास. दहा हजार प्रतिज्ञापत्रे आणखी भरून घेतल्याने त्या रात्री काही बदलले नसते.

डोळ्यांसाठी आईला आग्रह करायला हवा होता का, असे प्रशिक्षणात हमखास विचारले जाते. तिला फक्त बुबुळाचा पारदर्शक पडदा काढतात, पापणी मिटलेली चांगली दिसते, असे समजावता आले असते. मृत्यूची बातमी ऐकून पाच मिनिटे झालेल्या बाईला फोनवर? मी म्हणते, नाही.

सगळ्यात मोठी उणीव मुलीच्या बाबतीत राहिली. तिला कोणी रुग्णालयात आणलेच नाही. शुक्रवारी शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अभिनंदनाच्या मजकुरातून तिला कळले की वडिलांचे अवयव दिले. ती बरेच दिवस आईशी नीट बोलत नव्हती. मुलांशी कोणी, कधी बोलायचे याची नोंद आता समन्वयकाच्या तक्त्यात पहिल्याच पानावर असते.

गणपती मंडळानेही एक बदल केला. अर्ज मांडवात भरून घेत नाहीत. घरी देतात, आणि घरातल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही असेल तरच परत घेतात. पहिल्या वर्षी आधीपेक्षा बरेच कमी अर्ज आले. शिबिराचा अहवाल लिहिताना कार्यकर्त्यांना ते खटकले. मी त्यांना सांगितले की आकडा आहे तसाच लिहा, आणि जे कागद परत आले नाहीत त्या घरांत काय बोलणे झाले, तेही जमेल तसे विचारून लिहा.